कॅप्शनमधली आई

बातमीचे फोटो काढायला कुठला कॅमेरा घ्यावा, हे आज शिकायला आल्या आल्याच तिघांनी विचारलं. त्याचं उत्तर आधी उरकतो. हातात असेल तो घ्या. १९९१ साली कोडॅकनं वृत्तछायाचित्रकारांसाठी डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) बाजारात आणला तेव्हा त्यात जेमतेम १.३ मेगापिक्सेल होते, आणि फोटो साठवायचा डबा वेगळा, खांद्याला अडकवून हिंडायचा. तुमच्या खिशातला फोन त्याच्या कितीतरी पुढं आहे. माझी तरी यंत्रामुळं कधी फार मोठी फजिती झाली नाही. झाली ती एका ओळीमुळं.

नवा होतो. आगीच्या बातमीवर गेलो, पोचलो तेव्हा बंब परतायच्या बेतात होते. जळक्या दाराशी एक बाई हमसून रडत होती, हातात लहान मुलाची एक चप्पल. फ्रेम आपणहून समोर चालत आली म्हणा ना! आठ-दहा क्लिक केले, स्क्रीनवर पाहिलं, खूश झालो आणि गाडीतच लॅपटॉप उघडून फोटो पाठवून दिला. खाली लिहिलं, 'मुलाच्या आठवणीनं शोक अनावर झालेली आई'. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर. दुपारी फोन आला. ती शेजारीण होती. आई भाजल्यामुळं रुग्णालयात होती, आणि मुलगा धडधाकट, मावशीकडं. त्या फोटोतला एक पिक्सेलही मी हलवला नव्हता.

फोटोतली लबाडी म्हटलं की आपण फोटोशॉपकडं बोट दाखवतो. पण नॅशनल जिओग्राफिकनं गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले ते फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर, आडवा फोटो उभ्या पानात बसावा म्हणून. फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षं होती. पुढं २००३ मध्ये ब्रायन वॉल्स्की या छायाचित्रकारानं इराकमधल्या बसऱ्याजवळ टिपलेल्या दोन फ्रेम जोडून एक केली. एकीत सैनिकाचा हात चांगला आला होता, दुसरीत मूल घेतलेला माणूस. मागच्या गर्दीतली काही माणसं दोनदा दिसली आणि लॉस एंजेलिस टाइम्समधली नोकरी गेली. २००६ मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतवरचा धूर एका छायाचित्रकारानं क्लोन करून, म्हणजे फोटोतलाच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवून, दाट केला. धुराची तीच ती वेटोळी पुन्हा पुन्हा उमटलेली. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं त्या छायाचित्रकाराचे सगळे ९२० फोटो संग्रहातून काढले. धूर वाढवून त्यानं काय मिळवलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मूळ फोटोही चालला असता.

या चोऱ्या निदान पकडता येतात, मूळ फाइल मागवली की झालं. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अखेरच्या टप्प्याजवळ आलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के असेच बाद झाले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या मालिकेचं पहिलं बक्षीस परत घेतलं गेलं. कारण? मालिकेतला एक फोटो त्या शहरातला नव्हताच, ब्रुसेल्सच्या मोलेनबेकमधला होता. म्हणजे खोट होती ती माहितीत. अशी खोट मूळ फाइल तपासून सापडत नाही.

म्हणून माझ्याकडं शिकायला येणाऱ्याला मी आधी वही घ्यायला लावतो. फोटो काढून झाला की माणसाकडं जा, नाव विचारा आणि त्यालाच वहीत लिहू द्या. मग त्या पानाचा फोटो काढा. चेहऱ्यामागोमाग नावाची फ्रेम, की रात्री तीनशे फोटो उपसताना कोण कुठला हा घोळ होत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ रोज सकाळी तपासा. दोन कॅमेऱ्यांत सात मिनिटांचा फरक राहिला, तर मोर्चा आधी पांगलेला आणि मग निघालेला दिसतो. (हसू नका, माझं झालंय.) कॅप्शनची असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची रीत मला आवडते: पहिलं वाक्य वर्तमानकाळात, कोण, काय, कुठं, कधी, दुसऱ्यात पार्श्वभूमी. शोक, संताप, हताशा हे शब्द गाळून पाहा. चेहरा दिसतोच आहे की!

हे सगळं फाइलच्या पोटात, आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोची माहिती फाइलमध्येच नोंदवायच्या ठरावीक रकान्यांत भरा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एरवी फोटो दाबून लहान होतो आणि आतली माहिती गळते.

शिकण्याचं म्हणाल, तर फिल्मच्या रोलमध्ये ३६ फ्रेम असायच्या आणि चुकलेल्याही काँटॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रोलच्या एकत्र छापील कागदावर, शेजारी शेजारी छापून यायच्या. आपण कुठं घाई केली, कुठं पाऊल मागं घेतलं, सगळं उघडं पडायचं. आता चुकलेली फ्रेम जागच्या जागी डिलीट होते आणि तिच्याबरोबर धडाही. डिलीट करू नका. दर क्लिकनंतर स्क्रीनवर डोकवायची खोडही वाईट. आमच्यात तिला चिंपिंग म्हणतात. मान खाली गेली की समोरचा हमखास हसतो, रडतो किंवा पडतो.

एआयच्या चित्रांमुळं आता कॅमेरेच फोटोवर डिजिटल सही करू लागले आहेत. लायका या कॅमेरा कंपनीनं २०२३ मध्ये एम११-पी या कॅमेऱ्यात ही सोय आणली. फोटो कुठल्या कॅमेऱ्यातून आला, नंतर त्यात काय बदललं, हे त्यातून कळतं. चांगली सोय आहे, वापरा. पण माझ्या आगीच्या फोटोवर अशी सही असती, तर तो फोटो अस्सलच ठरला असता. दारातली बाई कोण, हे मला तिला विचारावंच लागलं असतं, आणि ते विचारायला फार तर अर्धं मिनिट गेलं असतं.

असो. तासाभरासाठी बाहेर पडू या. प्रत्येकी २० फ्रेम, एकही जास्त नाही. माणूस ओळखू येत असेल तिथं वहीत त्याच्या हातचं नाव हवं. मघाशी दारापाशी काळी चिकटपट्टी ठेवली आहे, जाताना स्क्रीनवर लावून घ्या. फोनवाल्यांनीही.