ओ स्टुडिओ

(दृश्य : सांगली, हरभट रोडच्या आतला बोळ. सकाळ. अर्धं वर गेलेलं शटर, आतून झाडूचा आवाज.)

फोटो स्टुडिओचं दुकान, दहा बाय अठराचं. पुढं काउंटर, मागं पडदा, आणि पडद्याच्या मागं ते जुन्या निगेटिव्हचं कपाट, ज्याच्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन इथं चार महिने येत राहिलो. दुकानदाराची एकच अट होती, नाव घ्यायचं नाही. त्यानं आमचं काही अडलं नाही. बोळात त्याला नावानं कुणी हाकच मारत नाही.

'ओ स्टुडिओ, चहा पाठवू काय?' एवढंच.

(दृश्य : दोरी सुटते, रंगवलेला पडदा उलगडत खाली येतो.)

हा पडदा आधीच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या वडिलांनी रंगवून घेतलेला. तळं, दगडी पायऱ्या, लांबवर महाल. डावीकडं एक हंस आहे, त्याची मान जरा जास्तच लांब झालीय. खालचा तपकिरी पट्टा मात्र चित्रकाराचा नव्हे. तो २०१९ च्या ऑगस्टचा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. पुराचं चित्रण आमच्याकडे नाही. हा पट्टा आहे. 'तळ्यात खरंच पाणी आलं,' असं काका गिऱ्हाइकांना सांगायचे.

(दृश्य : ड्रॉवर. गळ्यात घालायची निळी पट्टी, ओळखपत्र, पांढरं पाकीट.)

अकरा वर्षं हा दुकानदार हिंजवडीत होता. एका परदेशी विमा कंपनीच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यातल्या चुका शोधणं हे त्याचं काम. ऑफिसात कॅमेरा नेता आला नाही, म्हणून ही पट्टी बघा. त्या अकरा वर्षांविषयी तो फार बोलत नाही. वाईट काही नव्हतं म्हणतो. पगार वेळेवर, कँटीन बरं.

या पाकिटात त्याचेच फोटो आहेत. दोन इंच बाय दोन इंच, पार्श्वभूमी पांढरी, डोळ्यांवर चष्मा नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी लागतात तसे. २०२१ च्या दिवाळीत घरी आला होता, तेव्हा काकांकडूनच काढून घेतले. फोटो वाळेपर्यंत, म्हणजे प्रिंटरमधून बाहेर येईपर्यंत, तो दारात उभा होता. बाहेर भंगारवाल्याचा तराजू लागला होता.

तराजूत निगेटिव्ह होत्या. फिल्ममध्ये चांदी असते. जाळून किंवा रसायनात धुऊन ती काढतात, म्हणून निगेटिव्हला किलोवर भाव मिळतो. गावोगावच्या स्टुडिओंची कपाटं अशीच रिकामी झाली. आधी डिजिटल आलं, मग मोबाइल आला, मग मालकांचे गुडघे गेले. एका पोत्यात किती लग्नं, किती मुंजी, किती पहिले वाढदिवस मावतात, ते भंगारवाल्याला मोजायचं कारण नव्हतं.

पहिलं पोतं गेलं होतं. दुसऱ्याचं तोंड बांधत होते तेव्हा यानं विचारलं, 'किती देतायत हे?' आणि शंभर रुपये जास्त दिले.

(दृश्य : वडील, ओसरीवर. हातात पेपर. कॅमेऱ्याकडं बघत नाहीत.)

फेब्रुवारीत राजीनामा, नव्वद दिवसांची नोटीस. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून दुकानाचं डिपॉझिट निघालं. घरी वाद झाला. वडिलांना पटवायला त्यानं फोटोग्राफर लाला दीनदयाळांचा दाखला दिला. ते १८६६ मध्ये इंदूरच्या सरकारी बांधकाम खात्यात आराखडे काढायला लागले. १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला, पुढं नोकरी सोडली. सिकंदराबादला स्टुडिओ, १८९६ मध्ये मुंबईला स्टुडिओ, वर 'राजा' हा किताब.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, 'त्यांच्या मागं निजाम होता. तुझ्या मागं कोण हाय?'

(दृश्य : कपाट उघडतं. पिवळी खोकी, ब्राउन पेपरची पाकिटं. पाकिटांवर शाईनं आकडे.)

हे कपाट. प्रत्येक पाकिटावर नंबर, आणि प्रत्येक नंबर या लाल कापडाच्या रजिस्टरांत. तारीख, नाव, कॉप्या किती, ॲडव्हान्स किती, बाकी किती. वरच्या कप्प्यात काचेच्या प्लेटा, त्याखाली मोठ्या शीट फिल्म, मग १२० चे रोल, बारा-बारा फोटोंचे. सगळ्यात खाली पस्तीस एमएम. खोकं उघडलं की कधीकधी व्हिनेगरसारखा वास येतो. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागल्याची ती खूण. असं खोकं तो लगेच वेगळं काढतो, आणि बाकीची कामं ठेवून आधी त्याच्यामागं लागतो.

(दृश्य : प्रकाशाची पेटी, वर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा. ब्लोअरची फुस्स.)

आधी धूळ उडवायची. मग निगेटिव्ह पेटीवर ठेवायची आणि वरून मॅक्रो लेन्सनं तिचाच फोटो घ्यायचा. स्क्रीनवर काळ्याचं पांढरं केलं की माणूस येतो. दिवसाला साठ होतात. लाइट गेली तर चाळीस.

आता ही निगेटिव्ह नीट बघा. गालावर, डोळ्यांखाली बारीक रेघा आहेत. त्या ओरखडे नाहीत, पेन्सिलीच्या आहेत.

(दृश्य : काका. हात. सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल.)

काका आता ऐंशीच्या पुढं आहेत. दर गुरुवारी येतात. आमच्यासाठी त्यांनी जुनी तिरकी चौकट काढून उजेडाला लावली. चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हमध्ये तिथं फिल्म विरळ असते. ती जागा फिल्मच्या चकाकी नसलेल्या बाजूनं कडक पेन्सिलीनं भरायची. तिथून उजेड कमी जातो, कागदावर जागा उजळ येते, सुरकुती हलकी होते. एका चेहऱ्याला तास-दीड तास. हात थरथरला तर निगेटिव्ह गेली.

'सगळ्या सुरकुत्या पुसायच्या नसत्यात,' काका म्हणतात. 'पोरांना आई वळकू आली पायजे.'

काकांचा हात आज थरथरतो. पेन्सिल टेकली की थांबतो. तीन वेळा तोच शॉट घेतला, तिन्ही वेळा थांबला.

(दृश्य : टेबलावर काळपट विटा. वीट हातात घेऊन फिरवतो.)

या विटा म्हणजे पुरात बुडालेले खालचे दोन कप्पे. फिल्मवरचा जिलेटिनचा थर पाण्यात फुगतो. ओल्या असतानाच स्वच्छ पाण्यात ठेवून एकेक सोडवली तर वाचते. तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं. पूर ओसरल्यावर काकांनी ढीग गच्चीवर उन्हात घातले, जे कुणीही केलं असतं, आणि सगळं एकमेकांना चिकटून बसलं. यानं एक वीट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून बघितली. चाळीसमधल्या सहा सुटल्या. त्यातल्या एकीवर नुसता फेटा उरलाय.

(दृश्य : काउंटर. गर्दी. प्रिंटर.)

पोट कपाटावर चालत नाही. आठ कॉप्या ऐंशी रुपये, तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या ऑर्डरी, चातुर्मासात माश्या. महिन्याला सुटतं ते जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातं, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आणि घर बऱ्याच अंशी बायकोच्या शाळेतल्या पगारावर चालतं. ती कॅमेऱ्यासमोर बोलली नाही.

(दृश्य : दारात आजी. सोबत नात. पिशवीतून घडी घातलेली पावती.)

शेवटच्या दिवशी आम्ही सामान आवरत होतो. या आजी मिरजेहून आल्या. पावती १९६८ ची, लग्नानंतर आठवड्यानं जोडीनं काढलेल्या फोटोची. घरातली कॉपी वाळवीनं खाल्ली.

रजिस्टर निघालं. पान निघालं. नाव आहे, नंबर आहे, बाकी दोन रुपये आहेत.

(दृश्य : बोट पाकिटांवरून सरकतं. थांबतं. खाली वाकतो.)

नंबर खालच्या कप्प्यातला.

त्यानं विटांचा ट्रे आणून आजींसमोर ठेवला. यात कुठंतरी आहे, म्हणाला. आजींनी एक उचलली, कडेनं अंगठा फिरवला, परत ठेवली.

'तो तळ्याचा पडदा हाय का अजून?'

(दृश्य : पडदा. स्टूल. आजी बसतात, पदर सारखा करतात. नात बाजूला उभी राहायला जाते, आजी हातानंच तिला लांब करतात. उजवीकडची जागा मोकळी राहते. इथं निवेदन नाही.)

(दृश्य : काउंटर.)

'किती झाले?'

'दोन रुपये बाकी हाईत तुमचे.'