सड्यावरचे तापलेले ब्रेक

(निवेदन)

[दृश्य: सडा, उंचावरून. लाल धुरळा, प्लास्टिकच्या कोनांची रांग, वळणात आडवी जाणारी गाडी]

रत्नागिरीच्या आसपासचा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळ पठार. पावसाळा सरून महिने झालेत, गवत वाळलंय, कातळ उघडा पडलाय. कातळशिल्पं असलेली जागा सोडायची, जमीनमालकाची परवानगी घ्यायची, कोन मांडायचे आणि एकेका गाडीची वेळ मोजायची. हे ऑटोक्रॉस. फेरी मिनिटभराची, वेग क्वचितच ताशी 80 च्या वर. त्यामुळे ब्रेककडे कुणी बघत नाही. पैसे जातात टायर, सायलेन्सर आणि स्टिकरांवर.

[दृश्य: पुढचं चाक, जवळून. धूर]

हा धूर टायरचा नाही.

चालकासकट 900 किलोची छोटी गाडी ताशी 60 वरून थांबवली की सुमारे 125 किलोज्यूल उष्णता तयार होते. चार कटिंग चहाचं पाणी उकळेल एवढी. ताशी 80 वरून थांबवली तर जवळजवळ पावणेदोन पट. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून यातला 70 टक्क्यांच्या आसपासचा वाटा पुढच्या दोन डिस्कांवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्यांवर, पडतो. बिडाच्या त्या डिस्का दोन्ही मिळून भरतात सात-आठ किलो. म्हणजे 60 वरच्या एका ब्रेकला डिस्क अंदाजे 25 अंशांनी तापते. फेरीत असे सहा-सात ब्रेक, आणि मधे वारा लागायला लांब सरळ पट्टा नाही.

एका चालकाच्या एका फेरीने काही बिघडत नाही. पण हौशी स्पर्धेत गाडी एक आणि चालवणारे दोघं-तिघं असतात. एक उतरतो, दुसरा पट्टा लावतो, गाडी पुन्हा रांगेत. ब्रेकला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही.

[दृश्य: रांगेत उभी गाडी. चालक पेडल दाबून बघतोय]

आणि हे उभं राहणंच घातक. गाडी पळत असते तोवर डिस्कला थोडी तरी हवा लागते. थांबली की डिस्कची उष्णता तिला चिमटणाऱ्या पॅडमधून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनमध्ये आणि तिथून पायाचा दाब पोचवणाऱ्या ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ऑइल सर्वांत जास्त तापतं ते गाडी थांबल्यावर काही मिनिटांनी. म्हणून पेडल फेरीच्या शेवटी दगा देत नाही, पुढच्या फेरीच्या पहिल्याच वळणावर देतं. त्या वळणाबाहेर टायरांची रांग लावलेली असते, ती त्यासाठीच.

पाय काय सांगतो ते आधी ओळखायचं. पेडल मऊ लागलं, तळापर्यंत गेलं, दोन-तीनदा मारल्यावर थोडं वर आलं, तर ऑइल उकळलंय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर तिसरी गोष्ट: तापलेला ड्रम फुगून त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि पेडलचा पल्ला वाढतो. तिन्हींचे उपाय वेगळे. पॅडचा दोष असताना ऑइल बदलून उपयोग नाही.

मात्र किनाऱ्यावर पहिला संशय ऑइलवरच घ्यावा.

[दृश्य: दोन काचेच्या बरण्या. एकीत मधाच्या रंगाचं ऑइल, दुसरीत काळपट]

डॉट 4 या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 वर येते. डॉट 3 ला हे आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 ला 260 आणि 180. ही ऑइलं हवेतली ओल ओढून घेतात. झाकणाच्या बारीक छिद्रातून आणि रबरी पाइपांमधून ती आत जाते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात चार महिने गाडी उभी असेल, तर ‘दोन वर्षांनी बदला’ हा सर्व्हिसचा नियम इथे चालणार नाही. हंगामाआधी नोव्हेंबरात एकदा, आणि फेऱ्या जास्त असतील तर मध्यावर पुन्हा. डिस्कना भोकं पाडून घ्यायची हौस त्यानंतर. खरं तर ती नकोच. तडे जातात ते त्या भोकांपासूनच.

[दृश्य: जॅकवर गाडी, निपलला पारदर्शक नळी, नळीतून बुडबुडे]

ऑइल बदलायला लागतं काय? सीलबंद डॉट 4, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. पारदर्शक नळी, बरणी, बरोबर मापाचा रिंग पाना, मोठी सिरिंज आणि पेडल मारायला एक माणूस. निपल, म्हणजे चाकाजवळचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, खाऱ्या हवेने गंजलेलं असतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. जोर लावला आणि निपल तुटलं, तर कॅलिपरच बदलायची वेळ येते.

सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल ओढून नवं भरायचं. मग मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलशी जोडलेल्या, ऑइल ढकलणाऱ्या पंपापासून, सर्वांत लांबचं चाक आधी. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच. नळीचं तोंड बरणीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव आटा सैल करायचं, ऑइल आलं की बंद करायचं. बंद झाल्यावरच पाय उचलायचा. घाई इथेच होते: पाय आधी उचलला की हवा आत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल पार तळाला नेलं तर मास्टर सिलिंडरची रबरं कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासून फाटतात. दर सात-आठ दाबांनी टाकी बघायची. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

ऑइल स्वच्छ आणि बिनबुडबुड्याचं आलं की पुढचं चाक. चाकाला पाव लिटर धरलं तर एक लिटर पुरतं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओतायचं, नाहीतर रंग उठतो. उरलेली, सील फोडलेली बाटली पुढच्या हंगामासाठी ठेवायची नाही. तीही ओल ओढतच असते. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तिच्या युनिटमधली हवा काढायला काही वेळा स्कॅनर लागतो, ते गॅरेजवाल्याकडे. आणि डॉट 5 हे सिलिकॉनचं, 5.1 चा भाऊ नव्हे. मिसळायचं नाही.

[दृश्य: कॅलिपरच्या पिना, एक चकचकीत, एक तांबडी]

चारांपैकी एकच चाक जास्त तापत असेल तर चालकाला दोष देण्याआधी या पिना बघा. खारं वारं आणि जांभ्याची धूळ, दोन्ही मिळून ग्रीसचा दगड करतात. कॅलिपर सरकत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो. पिना काढून साफ करायच्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबर फुगवतं.

[दृश्य: पार्किंग. बादली घेऊन धावणारा मुलगा, त्याला अडवणारा हात]

तापलेल्या डिस्कवर पाणी नाही. कितीही ऊन असो. टायरवर फवारा चालतो, तोही डिस्क वाचवून. फेरी संपली की हळूहळू एक चक्कर मारून, शक्यतो ब्रेक न लावता, परत यायचं. दुपारी वारा समुद्रावरून येतो. गाडीचं तोंड पश्चिमेला, सड्याच्या मोकळ्या कडेला, बाभळीच्या आडोशाला नाही. हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये टाकून चाकाला जांभ्याचा तुकडा लावायचा. पेडलवर पाय ठेवून उभं राहिलं तर पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. बंपरमधून ब्रेकपर्यंत हवेची नळी नेणारे बरेच. या वेगाला तिचा फायदा नगण्य. त्यापेक्षा रांगेत चाकापुढे धरलेला बॅटरीचा ब्लोअर कामाचा.

[दृश्य: पॅडचे खोके]

ट्रॅकवरचे रेसिंग पॅड घेऊ नयेत. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत आणि इथे पहिलंच वळण थंड असतं. रस्त्यावरचे, पण जरा वरच्या दर्जाचे पुरतात. नवे पॅड बसवताना 60 वरून 10 पर्यंत आठ-दहा ब्रेक, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं सावकाश चालवून गार. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्क मोजून तिच्याशी एकदा ताडून घ्या.

[दृश्य: संध्याकाळ. हातखंब्याकडे निघालेल्या गाड्या]

बहुतेक जण त्याच गाडीने घरी जातात. निघण्याआधी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरायचं. हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती. नटबोल्ट तपासायचे, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघायचं. साखरप्याहून आंबा घाट चढणाऱ्यांना ब्रेक कमी लागतो, मुंबईच्या वाटेवर उतार लागतात. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. पेडल मऊ असेल तर गाडी टेंपोवर चढवायची.