ओतीव अक्षरांचं गाव : मॅरिएटा, ओहायो

श्रोतेहो, नमस्कार.

ओहायो राज्यात रस्त्याकडेला तपकिरी रंगाचा, सोनेरी अक्षरांचा धातूचा फलक दिसला, तर मजकूर वाचण्याआधी अगदी तळाशी नजर टाका. तिथे बहुधा दोन आकडे असतात आणि मध्ये छोटी रेघ. दुसरा आकडा 84 असेल, तर तुम्ही वॉशिंग्टन काउंटीत आहात. राज्यात 88 काउंट्या आहेत. इंग्रजी वर्णानुक्रमाने त्यांना क्रमांक दिले आहेत, त्यात वॉशिंग्टनचा 84वा. पहिला आकडा म्हणजे त्या काउंटीतला फलकाचा क्रमांक. फलक वाकला, मोडला, चोरीला गेला, तर कळवताना हाच नंबर सांगायचा. 'चर्चजवळचा तो फलक' म्हणून भागत नाही, कारण अशा गावांत चर्च कोपऱ्याकोपऱ्यावर असतं.

या काउंटीचं मुख्य गाव मॅरिएटा. मस्किंगम नदी ओहायो नदीला मिळते, तिथे संगमावर ते वसलं आहे. कोलंबसहून मोटारीने साधारण दोन तास. ओहायो नदीच्या पलीकडे वेस्ट व्हर्जिनिया. इतिहासफलक अमेरिकेत गावोगावी आहेत, मग बोलायला मॅरिएटाच का? कारण फलक इथे नुसते उभे नाहीत, ते इथेच ओतले जातात. 1927 साली सुरू झालेल्या 'सीवा स्टुडिओज'चा कारखाना याच गावात आहे, आणि ओहायोसह अनेक राज्यांचे फलक तिथून जातात. संस्थापकांचं आडनाव हॉज (Hawes). त्याची इंग्रजी अक्षरं उलट्या क्रमाने लिहिली की कारखान्याचं नाव (Sewah) तयार होतं.

फलक तयार कसा होतो, हे एकदा कळलं की त्यावरचा मजकूर वेगळ्या डोळ्यांनी वाचला जातो. म्हणून आधी भट्टीपाशी जाऊ.

फलक असतो अ‍ॅल्युमिनियमचा, वाळूच्या साच्यात ओतलेला. कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्र्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. तिथे मुख्यतः लोखंड, इथे अ‍ॅल्युमिनियम, एवढाच फरक. फलकाच्या आकाराच्या पाटीवर एकेक सुटं अक्षर हाताने लावत ओळी जुळवतात. छापखान्यातल्या खिळ्यांसारखी ही अक्षरं उलटी नसतात. पाटीवर सुलटं, वाळूत उलटं आणि ओतल्यावर पुन्हा सुलटं. दोन्ही बाजूंनी मजकूर असेल तर दोन पाट्या लागतात, साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांसाठी एकेक.

प्रत्येक अक्षराच्या कडा किंचित उतरत्या हव्यात. त्या सरळ उभ्या असतील, तर पाटी वर उचलताना वाळूची कड तिच्याबरोबर तुटून येते. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे इंग्रजी 'ई' आणि 'ए'ची पोटं. तेवढ्या जागेत वाळूचं बोटाच्या पेराएवढंही नसलेलं ढेकूळ उभं राहायला हवं. ते ढासळलं की धातू आत शिरतो आणि अक्षर बुजतं. आपल्या देवनागरीतली जोडाक्षरं आणि अनुस्वार या लोकांपुढे ठेवले तर काय होईल, कल्पना करा!

वाळूत ओल जास्त झाली तर रस पडताच वाफ होते आणि ओतीवात पोकळ्या राहतात. ओल कमी पडली तर साचा धरत नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळतं 660 अंश सेल्सिअसला, पण रस त्याहून बराच तापवावा लागतो, नाहीतर तो टोकाच्या अक्षरांपर्यंत पोहोचण्याआधीच थिजतो. मात्र फाजील तापवला तर तो हायड्रोजन शोषून घेतो आणि थंड होताना पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं सोडतो. शिवाय थंड होताना धातू आकसतो, साधारण सव्वा-दीड टक्का, म्हणून मूळ पाटी तेवढी मोठी धरायची. मग जास्तीचा धातू कापायचा, कडा घासायच्या, पूर्ण फलकावर पार्श्वभूमीचा रंग चढवायचा आणि शेवटी फक्त उठावाच्या अक्षरांवर दुसरा रंग फिरवायचा.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट अशी : एकदा ओतलेली चूक पुसता येत नाही. एक साल चुकलं तरी नवा फलक. त्यामुळे खरं काम भट्टीवर नसतं, त्याच्या कितीतरी आधी टेबलावर असतं. ओहायोत फलक हवा असेल तर पुढाकार स्थानिक लोकांनी घ्यायचा आणि खर्चही त्यांनीच उभा करायचा. सोबत जागामालकाची लेखी परवानगी आणि प्रत्येक विधानाला पुरावा. हे पुरावे शक्यतो त्या काळचे हवेत, जमिनीची नोंद, वर्तमानपत्र, पत्रव्यवहार असे. 'आजोबा सांगायचे' ही माहिती शोधाची सुरुवात म्हणून चालते, पुरावा म्हणून नाही. मजकुराची छाननी राज्याची इतिहाससंस्था करते. एका बाजूला शंभरेक शब्दांची जागा. तेवढ्यात गावाचा दावा बसवायचा.

आणि दाव्यातला सगळ्यात घातक शब्द म्हणजे 'पहिलं'. मॅरिएटाचंच बघा. 7 एप्रिल 1788 रोजी रुफस पटनम यांच्या नेतृत्वाखाली 48 माणसं इथे उतरली. हे ओहायोतलं पहिलं गाव, असं सर्रास म्हटलं जातं. पण मस्किंगमच्या पलीकडच्या काठावर 1785 पासून फोर्ट हार्मर हा लष्करी किल्ला होताच. 1772 मध्ये मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या लेनापी या आदिवासी जमातीतल्या अनुयायांनी शोनब्रुन हे गाव वसवलं होतं. शॉनी आणि लेनापी या आदिवासींची स्वतःची गावं तर त्याहून कितीतरी आधीची. म्हणून जबाबदारीने लिहिलेल्या मजकुरात 'नॉर्थवेस्ट टेरिटरीतली अमेरिकनांची पहिली कायमस्वरूपी संघटित वसाहत' अशी लांबलचक विशेषणं दिसतात. नॉर्थवेस्ट टेरिटरी म्हणजे ओहायो नदीच्या वायव्येचा तेव्हाचा प्रदेश. वाचताना कंटाळा येतो खरा, पण त्यातलं एकेक विशेषण कुठल्यातरी हरकतीला दिलेलं उत्तर असतं.

गावाला नाव दिलं फ्रान्सच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने मदत केली होती. वसवणारे लोक लॅटिनचे भलते शौकीन. त्यांच्या तटबंदीचं नाव कँपस मार्शियस. त्या नावाचं संग्रहालय आज तिथे आहे आणि पटनम यांचं मूळ घर त्या इमारतीच्या आत जपलेलं आहे. मस्किंगमच्या काठावर गुट्झॉन बोर्ग्लम यांनी घडवलेलं दगडी स्मारक आहे. त्याच्या अनावरणाला 8 जुलै 1938 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः आले होते. फोटो सगळे तिथेच काढतात.

पण थोडा वेळ असेल तर स्मारक सोडून दफनभूमीत जावं. माउंड सेमेटरीच्या मधोमध सुमारे तीस फूट उंचीची शंकूच्या आकाराची मातीची टेकडी आहे, भोवती खंदक आणि बांध. ही टेकडी जवळजवळ दोन हजार वर्षांची, म्हणजे गावाच्या कितीतरी आधीची. इथल्या आदिवासींच्या पूर्वजांनी ती टोपल्यांनी माती वाहून रचली. 1788 मध्ये आलेल्यांना इथे चौकोनी तट, सपाट माथ्याचे ओटे आणि नदीकडे उतरणारा रुंद रस्ता असं सगळं सापडलं. त्यांनी त्याची मोजणी केली, नकाशा काढला आणि त्यातल्या मुख्य जागा सार्वजनिक म्हणून राखून ठेवल्या. त्या काळात हे अपवादात्मकच म्हणायचं. नावं मात्र पुन्हा लॅटिनच : कोनस, कॅपिटोलियम, साक्रा व्हिया. ज्यांनी ते बांधलं त्यांनी त्याला काय म्हटलं, ते कुठल्याच फलकावर नाही.

मनॅसे कटलर या धर्मोपदेशकांनी इथे कापलेल्या झाडांची वर्तुळं मोजली. एका झाडात ती चारशेहून जास्त भरली. म्हणजे कोलंबस येण्याआधी ते झाड या बांधकामावर उगवलेलं होतं. हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. झाडाचं वय हे टेकडीचं वय नव्हे, ती त्याहून नवी असू शकत नाही एवढंच त्यातून कळतं. पुढे 19व्या शतकात साक्रा व्हियाच्या भिंतींची माती विटांसाठी खणून नेली गेली. कॅपिटोलियमच्या ओट्यावर सार्वजनिक ग्रंथालय उभं आहे. पुस्तक घ्यायला जाणारा माणूस पायऱ्या चढतो, तेव्हा तो दोन हजार वर्षांचा ओटा चढत असतो.

आता नदीकडे वळू. 13 जुलै 1787च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घातली. दक्षिणेचा काठ तेव्हा व्हर्जिनियाचा, तिथे गुलामगिरी कायदेशीर. त्यामुळे नदी ओलांडणं म्हणजे सुटका, असं चित्र मनात उभं राहतं. कागदावर ते इतकं सोपं नव्हतं. व्हर्जिनियाची हद्द नदीच्या मध्यावर संपत नव्हती. ती उत्तरेच्या काठापर्यंत, पाणी सर्वांत खाली उतरतं त्या रेघेपर्यंत होती. म्हणजे ओहायोच्या काठाला होडी लागली तरी होडीतला माणूस अजून व्हर्जिनियातच! 1845 मध्ये याच काउंटीत पळून येणाऱ्यांना मदत करणाऱ्या तिघा ओहायोवाल्यांना पलीकडच्या लोकांनी काठावरून धरून नेलं. खटला व्हर्जिनियाच्या न्यायालयात चालला आणि वाद येऊन अडकला तो याच मुद्द्यावर : ते उभे होते ती जागा पाण्याच्या रेघेच्या कुठल्या बाजूला? हार्मर भागात आणि काउंटीत इतरत्र, गुलामगिरीतून पळून येणारे ज्या गुप्त वाटांनी जात, त्यांचे फलक आहेत. ते वाचताना ही रेघ ध्यानात ठेवा.

ती रेघ आज डोळ्यांना दिसणार नाही. 1929 पर्यंत ओहायो नदीवर धरणांची साखळी पुरी करून नऊ फूट खोलीचा जलमार्ग तयार झाला. नंतर जास्त उंचीची धरणं आली आणि नेहमीची पातळी आणखी चढली. 1788चा काठ, 1845चा काठ, दोन्ही आता पाण्याखाली. पुढे या नदीच्या खालच्या अंगाला ओहायो आणि केंटकी यांच्यात भांडण झालं, तेव्हा 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1792ची रेघ ग्राह्य धरली, आजची नाही.

आणखी एक गैरसमज. ही धरणं पूर अडवत नाहीत. ती वाहतुकीसाठी आहेत, पूर आला की पाणी सरळ जाऊ द्यायचं. म्हणून 1913 आणि 1937च्या महापुरांनंतरही, सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन वादळाच्या पावसाने आणि लगेच जानेवारी 2005 मध्ये, खालचा बाजार पुन्हा बुडाला. पुराचा आकडा वाचतानाही चूक होते. मॅरिएटात धोक्याची पातळी 35 फूट. पाणी 45 फुटांवर गेलं म्हणजे रस्त्यावर 45 फूट पाणी, असा अर्थ नाही. आकडा मोजपट्टीच्या शून्यापासूनचा असतो. भिंतीवर पूररेषा दिसली, तर ती तुमच्या छातीशी आहे की डोक्यावर, एवढं पाहिलंत तरी कळतं.

मस्किंगमच्या बाजूला 'डब्ल्यू. पी. स्नायडर ज्युनियर' ही 1918ची वाफेची बोट 1955 मध्ये आणून ठेवली. मागे मोठं चाक असलेली ही टोबोट. नावात टो असलं तरी ती तराफे ओढत नाही, पुढे ढकलते. दुरुस्तीसाठी अशा बोटी हलवाव्या लागतात, तेव्हा जाण्याआधी संग्रहालयाला फोन करा.

शेवटी देखभालीचं. फलक लागला म्हणजे वास्तू वाचली, असं मानू नका. फलकाने कायद्याचं संरक्षण मिळत नाही. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नाव असलं तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने घर पाडू शकतो. आढावा सक्तीचा होतो तो केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतला असेल तरच.

फलक उभारताना खड्डा अडीच-तीन फूट हवा, थंडीत जमीन गोठते त्या थराच्या खाली, नाहीतर दोन-तीन हिवाळ्यांत खांब कलतो. खणण्याआधी काही दिवस 811 नंबरला फोन करायचा. गॅस, वीज, पाण्याच्या लाइनवर ते खुणा करून देतात. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवायचा, म्हणजे पाणी साचत नाही. खांबाभोवती हातभर गवत काढून खडी टाकली, तर गवत कापणाऱ्या यंत्राची दोरी रंग खरवडत नाही. पुष्कळ खांब खराब होतात ते या दोरीने.

रंग उडाला तर आधी सौम्य साबण, पाणी आणि मऊ ब्रश. जोराच्या फवाऱ्याने सुटत आलेला रंगच निघून येतो. जुना फलक कोरडा घासू नका, त्या रंगात शिसं असू शकतं. अक्षरांसाठी फोमचा छोटा रोलर घ्यायचा, तो आधी पुठ्ठ्यावर फिरवून जवळजवळ कोरडा करायचा आणि हलक्या हाताने, फक्त उठावावरून न्यायचा. दोन पातळ हात द्या. एका जाड हातात रंग खाली ओघळतो आणि मग पार्श्वभूमीही रंगवत बसावं लागतं.

दफनभूमीतल्या शिळांना मात्र रंग नाही, ब्लीच नाही, व्हिनेगर तर मुळीच नाही. संगमरवर आम्लात विरघळतो. पुष्कळ पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, खालून वर. वरून सुरुवात केली तर मळाचे ओघळ कोरड्या दगडावर उतरतात आणि त्यांचे डाग राहतात. शिळेला टिचकी मारून पोकळ आवाज आला, किंवा पापुद्रे सुटलेले दिसले, तर ब्रश खाली ठेवा आणि दफनभूमीच्या कार्यालयाला कळवा.

नमस्कार.