माउथ ऑर्गनमधली आगगाडी

हा फोटो बघा. कडक सूट, टाय आणि हातात एवढासा माउथ ऑर्गन. हा डीफोर्ड बेली, जन्म १८९९ चा, अमेरिकेतल्या टेनेसीतला काळा वादक. तीन वर्षांचा असताना पोलिओ झाला, पोरगं वर्षभर अंथरुणाला खिळलं, तेव्हा हातात आला तो माउथ ऑर्गन. आजोबा फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवायचे, म्हणजे कंट्री, अमेरिकेतलं ते गावाकडचं संगीत, हे गोऱ्यांचंच म्युझिक असं जे आपल्या डोक्यात बसलंय ना, ते इथंच बाद. शाळेच्या वाटेवर रेल्वेचा पूल होता, गाडी डोक्यावरून धडधडत जाईपर्यंत हा खाली थांबायचा आणि मग तोच आवाज वाजवत पुढे निघायचा.

आता १९२७, डिसेंबरातला शनिवार, नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम रेडिओ स्टेशन. आधी शास्त्रीय ऑर्केस्ट्राचा तासाभराचा प्रोग्रॅम झाला, त्यात धावत्या आगगाडीवरची एक रचना पण होती. तो संपला, लगेच निवेदक जॉर्ज डी. हे यांनी डीफोर्डला पुढे केलं आणि याने सुरू केलं 'पॅन अमेरिकन ब्लूज'. पॅन अमेरिकन म्हणजे तिथली खरीखुरी एक्स्प्रेस. एकटा माणूस, ना गिटार ना ताल धरायला कोणी, नुसत्या श्वासावर इंजिन, रूळ, शिट्टी, सगळं! ते थांबल्यावर निवेदक म्हणाले, इतका वेळ ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता हे आमचं 'ग्रँड ओल ऑप्री', ऑप्री म्हणजे ऑपेराचाच गावरान उच्चार. गमतीत पडलेलं नाव, स्टेशनच्या त्या कंट्री म्युझिकच्या शोला आजही तेच आहे.

पुढे रॉय अकफसारखे नवे गायक दौऱ्यावर निघाले की गर्दी खेचायला डीफोर्डला सोबत न्यायचे, कारण रेडिओमुळे त्याचं नाव घराघरात झालेलं. स्टेजवर टाळ्या, पण रात्री बाकीचे हॉटेलात आणि हा काळा म्हणून त्याला तिथे खोली नाही, झोपायची सोय दुसरीकडे कुठेतरी बघायची.

१९४१ मध्ये रेडिओवाल्यांचं गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेशी रॉयल्टीवरून भांडण पेटलं, जुन्या ट्यून्स अडकल्या, नवीन वाजव म्हणाले. लोकांना हव्या होत्या त्याच जुन्या, आणि ह्याला काढून टाकलं. वर त्याच निवेदकाने नंतर पुस्तकात लिहिलं की तो आळशी होता. मला तर हे नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागतं.

डीफोर्डने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं, कितीतरी वर्षं. १९७४ मध्ये, पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला, पुन्हा ऑप्रीच्या स्टेजवर वाजवलं. १९८२ मध्ये गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ मध्ये.