पेशीतली मारबत

मंडळी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकर कुठे असतो ते मी सांगायला नको. काळी-पिवळी मारबत, पाट्या लावलेले बडगे, म्हणजे नको ते गावाबाहेर नेऊन जाळायचे पुतळे, आणि 'घेऊन जा गे मारबत' ओरडून बसलेले घसे. पेशीत हा कार्यक्रम रोज असतो. नको झालेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाच्या पाट्या चिकटतात. त्यांची माळ झाली की प्रोटिअसोम त्याचे तुकडे पाडतो. 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल सिएखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना मिळालं ते यासाठीच. कॅन्सर म्हटलं की आपण नुसतं वाढीचं बोलतो. पाट्या लावणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, कोणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार.

तरी वाढीचं एक बोलतोच, कारण त्याचा मला राग आहे. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं विकर. ते फॉस्फेट चिकटवून 'वाढा' असा निरोप आत धाडतं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या पंधरा-वीस जणींत त्याचं जनुक अनेकपटीनं वाढलेलं असतं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा रिपोर्ट आला: हर-टू, दोन प्लस. पुतण्या म्हणाला, "काहून घाबरता, अर्धंच पॉझिटिव्ह आहे!" मावशींना लघवीतल्या साखरेच्या रिपोर्टातले प्लस आठवले. अहो, दोन प्लस म्हणजे हर-टू वाढलंय की नाही हे अजून ठरलेलं नाही! मग जनुकाच्या प्रती मोजायला फिश तपासणी करावी लागते. हसू नका, सावजीकडचा मासा नव्हे. त्यासाठी गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक, काडेपेटीहून लहान, नातेवाइकांनीच दुसऱ्या लॅबला न्यायचा होता. हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. ब्लॉक तिकडे कपाटात, फाइल इकडे पिशवीत, आणि केमो सुरू! हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत 1998 पासून मंजूर आहे. ते द्यायचं की नाही, हे याच तपासणीवर ठरतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! आणि विषय तर आत्ता सुरू होतोय.

तर, भराभर. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए-1 चं नाव सगळ्यांनी ऐकलंय. ते स्वतः बार्ड-1 या प्रथिनाच्या जोडीनं पाटी लावणारं विकर आहे. एफबीडब्ल्यू-7 हे तसलंच दुसरं, ते पेशीला विभागायला लावणाऱ्या सायक्लिन-ई ला पाटी लावतं. ते बिघडलं की सायक्लिन साचतं आणि पेशी विभागत राहते. कॅन्सर पसरण्याचंही तेच. स्नेल नावाचं प्रथिन एरवी अल्पायुषी; पण पाट्या सोलणारी विकरं त्याला वाचवतात, मग पेशींची आपसातली पकड सुटते आणि त्या चालू लागतात. वाटेतलं, पेशींभोवतालचं प्रथिनांचं जाळं कापणारी मेटॅलोप्रोटीनेज ही विकरं वेगळीच. त्यांना रोखणारी औषधं रुग्णांवरच्या चाचण्यांत आपटली, त्यावर पुन्हा कधीतरी.

शेवटचं, अध्यक्ष महाराज. फुलवेस्ट्रंट हे स्तनाच्या कॅन्सरचं औषध इस्ट्रोजेनच्या ग्राहीला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, असं चिकटतं की पेशी स्वतःच त्याला मोडीत काढते. त्याची महिन्याला दोन इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक, आणि दुखतात बरं का. 2023 मध्ये अमेरिकेत त्याच जातकुळीतली एलासेस्ट्रंट ही गोळी मंजूर झाली, पण ग्राहीच्या जनुकात ठरावीक बदल असलेल्यांसाठीच. तो बदल रक्ताच्या नमुन्यातूनही शोधता येतो. त्याला ब्लॉक न्यावा लागत नाही.