वरचा आकडा, खालचा आकडा आणि मधलं अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

घरी बीपी, म्हणजे रक्तदाब, मोजला की असं बोलणं होतं. "वरचं किती आलं?" "160." "आणि खालचं?" "70." मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "खालचं छान आहे ना? मग या वयात एवढं चालायचंच." तुमच्याही घरी हे झालं असेल. साठीनंतर हे चालवून घेऊ नका, हे सांगायला आज मी आलो आहे. 160 मधून 70 वजा करा, 90 उरतात. वरचा आणि खालचा आकडा यांतलं हे अंतर साधारण 40 असावं. ते 60 च्या वर राहू लागलं, तर बहुतेक वेळा मोठ्या धमन्या ताठर झालेल्या असतात. इतर कारणंही असतात, ती डॉक्टर पाहतील. तुम्ही मधलं अंतर बघायची सवय लावून घ्या.

पण धमनी ताठर झाली तर अंतर का वाढतं? त्यासाठी एक गोष्ट सांगतो. मला ती फार आवडते.

लंडनजवळ थेम्स नदीकाठी टेडिंग्टन नावाचं गाव होतं, आज ते लंडनचाच भाग आहे. 1709 पासून तिथे स्टीफन हेल्स नावाचे धर्मगुरू होते. चर्चचं काम सांभाळून उरलेल्या वेळात हा माणूस मोजमापं करायचा. सूर्यफुलाचं झाड दिवसभरात किती पाणी हवेत सोडतं, तेसुद्धा त्यांनी वजन करून काढलं. शरीरात रक्त फिरतं हे तोवर ठाऊक झालं होतं. ते किती जोरानं फिरतं, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं.

डिसेंबरचा महिना होता. चौदा-एक वर्षांची घोडी, मानेच्या मुळाशी चिघळलेली जखम. तिला उताणी पाडून बांधलं. हेल्सनी तिच्या मांडीतली धमनी उघडी केली, दोऱ्यानं आवळली, तिच्यात पितळेची बारीक नळी बसवली आणि त्यावर नऊ फुटांची काचेची नळी उभी केली. मग दोरा सोडला. रक्त क्षणात अर्ध्या उंचीपर्यंत उसळलं. तिथून पुढे ठोक्याठोक्यानं चढलं, आठ इंच, सहा इंच, चार, दोन. थांबलं तेव्हा हृदयाच्या डाव्या कप्प्यापासून उंची भरली 8 फूट 3 इंच. आणि तिथेही ते स्थिर नव्हतं. प्रत्येक ठोक्याला दोन, तीन, चार इंच वर जायचं आणि खाली यायचं. आज तुमच्या यंत्रावर दिसणारे वरचा आणि खालचा आकडा म्हणजे हीच वर-खाली.

घोडी वाचली नाही. शेजारच्या ट्विकनहॅममध्ये राहणारे कवी अलेक्झांडर पोप यांना हेल्सबद्दल आदर होता, पण हे प्रयोग त्यांना मुळीच पसंत नव्हते. मलाही त्या घोडीचं वाईट वाटतं. म्हणूनच तिच्याकडून जे कळलं ते विसरू नये असं वाटतं. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत अशा गोष्टी गाळून नुसत्या व्याख्या उरतात. मुलं व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. असो.

हेल्सना पुढचा प्रश्न पडला. हृदय तर ढकलतं आणि थांबतं, ढकलतं आणि थांबतं. मग बारीक नसांतून रक्त जवळजवळ सलग कसं वाहतं? त्यांना त्या काळचा आग विझवायचा पंप आठवला. दांडा दाबला की त्याच्या बंद टाकीतली हवा आवळली जायची. दांडा वर घेतला की ती हवा फुगून पाणी ढकलत राहायची. म्हणून फवारा तुटायचा नाही. मोठ्या धमन्या हेच करतात, असं त्यांनी 1733 च्या पुस्तकात मांडलं. पुढे 1899 मध्ये जर्मनीत ओटो फ्रांक या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्याचं गणित बसवलं. ठोक्याला धमनी ताणली जाते, विश्रांतीत आकसते.

ताठर धमनी ताणलीच जात नाही. म्हणून हृदयाचा अख्खा दणका आत बसतो आणि वरचा आकडा चढतो. आकसायला काही उरत नाही, म्हणून खालचा उतरतो. म्हणजे खालचं "छान" दिसतं, ते याच बिघाडामुळे असू शकतं. तो दणका पुढे मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या नाजूक नसांपर्यंत पोचतो.

यात साखरेचा हात मोठा. धमनीला लवचीकपणा देणारे तंतू शरीर मुख्यतः लहानपणीच बनवतं. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते. रक्तातल्या तांबड्या पेशींतल्या प्रथिनालाही ती चिकटते. या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून ही चिकटलेली साखर मोजणाऱ्या एचबीए1सी तपासणीत तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. धमनीचे तंतू मात्र आयुष्यभराचे. त्यांवरची साखर वर्षानुवर्षं साठते, तंतू एकमेकांना जखडतात. वयाबरोबर स्नायू घटतात, पोट सुटतं, इन्शुलिनचा जोर कमी पडतो आणि जेवणानंतरची साखर रक्तातच रेंगाळते.

"वयामुळे चालायचंच" याला उत्तर 1991 मध्ये मिळालं. अमेरिकेत साठीपुढच्या, फक्त वरचा आकडा चढलेल्या लोकांवर उपचार केले, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. पुन्हा सांगतो, फक्त वरचा आकडा चढलेल्या लोकांमध्ये. त्यामुळे खालचं बरं आहे म्हणून गोळी मनानं बंद करू नका.

जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. मांडीचे स्नायू हलले की साखर उचलतात. आता चालायचं कुठे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आपल्या शहरांतले फूटपाथ दुचाक्यांनी अडवलेत, बसायला बाक नाहीत. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरवणारं शहर त्याच्या तब्येतीशी खेळतं, असं माझं ठाम मत आहे. तोवर गच्चीवर चाला, पार्किंगमध्ये चाला. पापड, लोणचं आणि वरून घेतलेलं मीठ कमी करा.

आणि बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकवा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका. पट्टा बाहीवरून बांधू नका. दोन्ही आकडे वहीत लिहा, शेजारी वजाबाकी करा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. नमस्कार.