१६२व्या सामन्याची रात्र

[दृश्य: बॉल्टिमोर. रात्रीच्या दिव्यांखाली पाऊस. मैदानावर ताडपत्री अंथरलेली. रिकाम्या खुर्च्या.]

कॅम्डन यार्ड्स मैदानावर पाऊस पडतोय. २८ सप्टेंबर २०११, बुधवार. नऊ इनिंगच्या बेसबॉल सामन्याची सातवी इनिंग चालू असताना खेळ थांबलाय आणि आता एक तास सव्वीस मिनिटं तो सुरू होणार नाही. पाहुणा संघ बॉस्टन रेड सॉक्स. धावफलकावर ते ३-२ असे पुढे आहेत. खेळाडू आत जाऊन टीव्हीसमोर बसलेत. टीव्हीवर फ्लोरिडातला सामना चाललाय आणि आज त्यांचं निम्मं नशीब त्या सामन्यात अडकलंय.

तिथे टॅम्पा बे रेज न्यू यॉर्क यँकीजशी खेळतायत आणि ७-० असे मागे पडलेत. मार्क टेशेराने दुसऱ्याच इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे आणि एका फटक्यात चार धावा. रेजचं आता काही खरं नाही, असं कुणालाही वाटेल.

आज मोसमाचा शेवटचा दिवस आहे. १६१ सामने झालेत, हा १६२वा.

[दृश्य: गुणतालिका. दोन ओळी, दोन्हीकडे तेच आकडे: ९० विजय, ७१ पराभव.]

बेसबॉलचा मोसम ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांना हा आकडा आधी पचायला हवा. सहा महिने, १६२ सामने. जवळजवळ रोज खेळ. आज हरलात तर रडत बसायला सवड नाही, उद्या संध्याकाळी पुन्हा मैदानात. एप्रिलमधल्या एखाद्या थंडगार दुपारी गमावलेला सामना जुलैपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण तालिका विसरत नाही. सप्टेंबर आला की ती एकेका सामन्याचा हिशेब मागते.

मेजर लीगमध्ये तीस संघ, अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग आणि प्रत्येक लीगमध्ये तीन गट. गटात जो पहिला तो पुढच्या फेरीत. असे तीन झाले. चौथी जागा उरलेल्या संघांपैकी सगळ्यात जास्त सामने जिंकणाऱ्याला, तिला म्हणायचं वाइल्ड कार्ड. १९९५ पासून त्या रात्रीपर्यंत ही जागा प्रत्येक लीगमध्ये एकच होती. आपल्याकडे साखळी सामन्यांच्या शेवटी नेट रन रेट काढतात, तसलं इथे काही नाही. दहा धावांनी जिंका, एका धावेने जिंका, विजय तो विजय. दोन संघांचे विजय सारखे झाले तर दोघांनी आणखी एक सामना खेळायचा, १६३वा. १९७८ साली याच रेड सॉक्सना तो यँकीजविरुद्ध खेळावा लागला होता. बकी डेंट नावाच्या, एरवी फारसे होम रन न मारणाऱ्या खेळाडूने तेव्हा त्यांचा मोसम संपवला. बॉस्टनमध्ये ते नाव अजूनही शिवीसारखं घेतात.

२०११ च्या ३ सप्टेंबरला रेड सॉक्स रेजच्या नऊ सामने पुढे होते. महिनाही उरला नसताना नऊ सामने म्हणजे घरी पोचल्यातच जमा. त्यानंतर ते हरत गेले. त्या सप्टेंबरमध्ये सत्तावीस सामने खेळले आणि वीस हरले. तिकडे नॅशनल लीगमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जचंही तेच. महिन्याच्या सुरुवातीला सेंट लुईस कार्डिनल्सवर साडेआठ सामन्यांची आघाडी होती (एका संघाचा एक सामना कमी-जास्त झाला असेल तर तो अर्धा मोजतात). सत्तावीसपैकी अठरा सामने गमावून तीही गेली. शेवटच्या सकाळी दोन्ही लीगमध्ये दोन-दोन संघ अगदी बरोबरीत उभे होते.

चार संघ, चार सामने, एक रात्र. मला या रात्रीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती समोरच्या चार संघांची. त्या चौघांना त्या रात्री मिळवण्यासारखं काहीच नव्हतं. यँकीज गटात पहिले येऊन निवांत झाले होते. फिलाडेल्फिया फिलीज १०१ सामने जिंकून बसले होते, त्यांची जागा केव्हाच पक्की होती. रेड सॉक्ससमोरचे यजमान, बॉल्टिमोर ओरिओल्स, गटात तळाला. आणि कार्डिनल्ससमोरचे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज शंभराहून जास्त सामने हरलेले. यांच्यापैकी कुणी अंग चोरून खेळलं असतं तरी उद्या सगळे आपापल्या वाटेने गेले असते.

[दृश्य: ह्यूस्टन. पिचरचा हात, चेंडूची पकड, झपकन फेक.]

ह्यूस्टनची गोष्ट लवकर संपते. कार्डिनल्सनी पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा काढल्या आणि ख्रिस कार्पेंटर नवव्या इनिंगपर्यंत एकटा पिचिंग करत राहिला. दोन हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, दिल्या, धाव एकही नाही. ८-०. आता कार्डिनल्सनी फक्त अटलांटाकडे बघत बसायचं.

अटलांटात ब्रेव्ह्ज ३-२ पुढे होते आणि नवव्या इनिंगला त्यांचा क्लोजर, म्हणजे शेवटी आघाडी राखायला येणारा पिचर, आला, क्रेग किम्ब्रेल. पहिलंच पूर्ण वर्ष, वय तेवीस, आणि त्या मोसमात ४६ सामने त्याने शेवटी येऊन वाचवलेले. तोवर कुठल्याही नवख्या खेळाडूने एका मोसमात इतके वाचवले नव्हते. त्या रात्री मात्र चेंडू त्याचं ऐकेना. बॅटरना फुकट बेस मिळत गेले, बेस भरले आणि चेस अटलीने चेंडू उंच, लांब मारला. झेल घेतला गेला, पण तिसऱ्या बेसवरचा गडी घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, धावत आला. ३-३. तेराव्या इनिंगमध्ये हंटर पेन्सच्या बॅटवरून एक चेंडू धड लागलाही नाही, तो आतल्या मैदानातच कुठेतरी रेंगाळला, आणि फिलीजची चौथी धाव झाली. मग फ्रेडी फ्रीमनचा एक जमिनीलगतचा फटका, एका झटक्यात दोन गडी बाद, आणि ब्रेव्ह्जचा मोसम संपला.

फिलीजचा हा १०२वा विजय, त्यांच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासातला विक्रम. पण या विजयाने त्यांनी कार्डिनल्सना दार उघडून दिलं. नऊ दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, त्याच कार्पेंटरने फिलाडेल्फियात येऊन फिलीजना १-० ने घरी बसवलं. शेवटच्या चेंडूवर धावताना त्यांचा रायन हॉवर्ड पहिल्या बेसच्या वाटेवर कोसळला, टाचेची शीर तुटली होती. त्या महिन्याअखेर कार्डिनल्स विश्वविजेते झाले. फिलीजने त्या रात्री अटलांटात तेरा इनिंग मान मोडून खेळण्याचं काही कारण नव्हतं. तरी ते खेळले. मला या संघाबद्दल कायम आदर वाटत आलाय तो त्या विक्रमापेक्षा या तेरा इनिंगसाठी.

[दृश्य: फ्लोरिडा. ट्रॉपिकाना फील्ड, कापडी घुमटाखालचं मैदान. हळूहळू वाढत जाणारा प्रेक्षकांचा आवाज.]

आता पुन्हा फ्लोरिडात. आठव्या इनिंगमध्ये रेजने सहा धावा काढल्यात, त्यातल्या शेवटच्या तीन एव्हन लॉन्गोरियाच्या होम रनच्या. ७-६. नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद. उरला एक. आणि रेज बॅटिंगला पाठवतात डॅन जॉन्सनला.

इथे जरा थांबूया. जॉन्सनची त्या मोसमातली सरासरी होती ०.१०८. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर जेमतेम एकदा हिट. मेजर लीगमध्ये एवढ्या सरासरीवर कुणी टिकत नाही. तोही टिकला नव्हता, वर्षातला बराच काळ त्याने खालच्या लीगमध्ये काढला होता. एप्रिलनंतर इथे एकही होम रन नाही. पण तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबर २००८ मध्ये, तो खालच्या लीगमधून आला त्याच रात्री बॉस्टनच्या मैदानावर नवव्या इनिंगला त्याने असाच बरोबरी साधणारा होम रन मारला होता. कदाचित कुणाला तरी ती रात्र आठवली असावी.

दोन स्ट्राइक झाल्या. आणखी एक झाली की मोसम संपला. पुढचा चेंडू त्याने उजवीकडे मारला. फटका फार उंचही नाही आणि फार लांबही नाही. सीमारेषेच्या पिवळ्या खांबाला खेटून, आतल्या बाजूने, चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला. ७-७.

बॉल्टिमोरचा पाऊस थांबायच्या आत हे सगळं झालं. रेड सॉक्स मैदानात परतले तेव्हा आघाडी तीच होती, ३-२, पण आता फक्त त्या आघाडीचाच आधार उरला होता.

[दृश्य: घड्याळ. मध्यरात्र. मग पिचरच्या टेकाडावर उभा एकटा माणूस.]

नववी इनिंग. पिचर जॉनथन पॅपलबन. त्या मोसमात आठ इनिंगनंतर रेड सॉक्स पुढे होते असे सामने ७७, आणि ते सगळे त्यांनी जिंकलेले. पॅपलबनने पहिले दोन गडी स्ट्राइकआउट केले. बॉस्टनमध्ये लोक उभे राहिले असतील. मग ख्रिस डेव्हिसची दोन बेसची हिट. मग नोलन रायमोल्डला दोन स्ट्राइक. इथेही एकच चेंडू बाकी. रायमोल्डने तो चेंडू मैदानाच्या खोल कोपऱ्याकडे धाडला, टप्पा पडून तो कुंपणापलीकडे गेला आणि बरोबरी झाली.

मग रॉबर्ट अँडिनो. चेंडू डावीकडे, खाली येणारा. कार्ल क्रॉफर्ड पुढे झेपावला, घसरत आला, चेंडू ग्लव्हला लागला आणि निसटला. रायमोल्ड घरी पोचला. ४-३. बारा वाजून दोन मिनिटं.

तळाच्या संघाचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. ९३ पराभव घेऊन घरी जाणारे खेळाडू!

फ्लोरिडात बारावी इनिंग चालू होती. बॉल्टिमोरची बातमी घुमटाखाली पोचली आणि गलका झाला. आता हरले तरी रेजला १६३वा सामना मिळणारच होता. पण लॉन्गोरिया वाट बघणारा नव्हता. त्याने चेंडू डाव्या कोपऱ्याकडे ओढला. सरळ, बुटका फटका. तिथे कुंपण ठेंगणं होतं, म्हणून चेंडू पलीकडे गेला. एरवी भिंतीवर आपटून खाली आला असता. ८-७. बारा वाजून पाच मिनिटं. दोन्ही शहरांच्या निकालांमध्ये अंतर होतं तीन मिनिटांचं.

त्या ठेंगण्या कुंपणाचीही एक गोष्ट आहे. आदल्या वर्षापर्यंत क्रॉफर्ड रेजकडेच होता, नऊ मोसम तिथे खेळलेला, चपळ, उंच उडी मारणारा. त्याला कुंपणावर झेपावून होम रनचे झेल घेता यावेत म्हणून त्या कोपऱ्यातलं कुंपण मुद्दाम कमी केलेलं होतं. मग १४ कोटी २० लाख डॉलरचा करार घेऊन तो बॉस्टनला गेला. बॉल्टिमोरमध्ये त्याच्या ग्लव्हमधून चेंडू निसटला आणि तीन मिनिटांनी त्याच्यासाठी उतरवलेल्या कुंपणावरून बॉस्टनचा मोसम पलीकडे गेला. हा योगायोग मी जितक्यांदा आठवतो तितक्यांदा अंगावर काटा येतो.

दोन दिवसांत बॉस्टनचे व्यवस्थापक टेरी फ्रँकोना पायउतार झाले. याच माणसाने २००४ मध्ये या शहराचा विजेतेपदाचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला होता.

[दृश्य: नियमपुस्तकाची पानं. मग २०२४ चं मैदान, दिवसाउजेडी.]

पुढच्याच वर्षी नियम बदलला. प्रत्येक लीगमध्ये दोन वाइल्ड कार्ड, आणि त्या दोघांत एकच सामना. त्याच्या वाटाघाटी त्या रात्रीच्या आधीपासूनच चालू होत्या. हा नियम एक वर्ष आधी आला असता तर रेड सॉक्स आणि ब्रेव्ह्ज दोघेही वाचले असते आणि ती रात्र झालीच नसती. नव्या जागेचा पहिल्याच वर्षी फायदा कुणाकुणाला झाला? ओरिओल्सनाही. ६९ विजय आणि ९३ पराभव घेऊन संपलेला संघ २०१२ मध्ये बरोबर उलटा, ९३ विजय आणि ६९ पराभव, असा पुढच्या फेरीत गेला.

२०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात, आणि १६३वा सामना बंद झाला. बरोबरी झाली तर आपसातल्या सामन्यांत कोण वरचढ ते बघतात. दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयताच एक गडी उभा करतात, म्हणजे सामने लांबत नाहीत. खेळाडूंच्या शरीराला याने आराम मिळतो हे खरं आहे. जास्त शहरांना सप्टेंबरपर्यंत आशा राहते हेही खरं. पण १६३वा सामना काढायला नको होता, असं मला मनापासून वाटतं. सहा महिन्यांची बरोबरी मैदानावरच सुटायला हवी. मे महिन्यात खेळलेल्या सामन्यांच्या बेरजेतून ती सुटते तेव्हा हरलेल्याला शेवटचा चेंडू खेळायलाही मिळत नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला हेच झालं. वादळामुळे राहिलेले न्यू यॉर्क मेट्स आणि ब्रेव्ह्जचे दोन सामने मोसम संपल्यानंतर सोमवारी एकाच दिवशी अटलांटात झाले. पहिला मेट्सनी ८-७ जिंकला, दुसरा ब्रेव्ह्जनी ३-० जिंकला, आणि दोघेही पुढे गेले. अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सचेही विजय तेवढेच होते, ८९. त्यांचा खेळ रविवारीच संपला होता. ते दिवसभर दुसऱ्यांचे सामने बघत राहिले आणि बाहेर पडले.

[दृश्य: ट्रॉपिकाना फील्ड, ऑक्टोबर २०२४. फाटलेल्या घुमटाच्या चिंध्या, वरून दिसणारं मैदान.]

त्यानंतर नऊच दिवस झाले आणि ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन चक्रीवादळाने ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाडून नेलं. २०२५ चा मोसम रेजने दुसऱ्या शहरात, खाडीपलीकडच्या टॅम्पात, यँकीजच्या सरावाच्या मैदानावर काढला.

लॉन्गोरियाचा चेंडू जिथे पडला त्या डाव्या कोपऱ्याला संघाने पुढे नाव दिलं होतं, १६२ लँडिंग. छप्पर गेल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या कोपऱ्यात पाऊस पडला.

[दृश्य: डावा कोपरा. ठेंगणं कुंपण. आवाज फक्त वाऱ्याचा.]